खरमाती उचलायला गाडी लावताना : कोल्हापुरात पहिल्यांदाच घर पाडणाऱ्यांसाठी

शिवाजी पेठेतलं आमचं जुनं घर पाडायला सहा दिवस लागले. पाडलेलं घर तिथून हलवायला महिना गेला, आणि त्या एका महिन्यात झाला तेवढा मनस्ताप पुढे स्लॅब पडेपर्यंत झाला नाही. आर्किटेक्ट कोण, गवंडी कोण, सेंट्रिंग कुणाला द्यायचं याबद्दल पाहुण्यापासून शेजाऱ्यापर्यंत सगळे सल्ला देतात. खरमाती, म्हणजे पाडलेल्या घराचा माती-विटांचा ढिगारा, उचलणाऱ्या गाडीवाल्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. "लावा एखादी ट्रॉली" एवढ्यावर विषय संपतो. आम्हीही तशीच एखादी ट्रॉली लावली होती.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी महापालिकेचे दोन कर्मचारी दारात आले. त्यांच्या मोबाइलवर एक फोटो होता: नाल्याच्या काठावर ढीग आणि ढिगावर आमच्या सासऱ्यांच्या नावाची संगमरवरी पाटी, एका कोपऱ्यात तुटलेली. घर पाडताना ती भिंतीतून काढायची राहून गेली होती. गाडीवाल्याने "लांब, भरावाला टाकतोय" असं सांगून आमची सगळी खरमाती जवळच्याच नाल्यात लोटली होती. त्याचा फोन बंद. दंड आम्ही भरला, तीच माती दुसऱ्या माणसाकडून पुन्हा उचलून घेतली, आणि पुढचं काम नीट शिकूनच केलं. ते सगळं क्रमाने इथे लिहिते. नवीन घराची खडी, मुरूम आणायलाही यातलं बरंचसं लागू पडतं.

१. आधी माल मोजा

गाडीवाल्याला फोन लावायच्या आधी तुमच्याकडे एक आकडा हवा: अंदाजे किती ब्रास माल निघणार? तो नसेल तर समोरचा सांगेल तो आकडा खरा मानावा लागतो.

एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, मेट्रिकमध्ये २.८३ घनमीटर. भिंतीची लांबी, उंची आणि जाडी फुटात घ्या, गुणाकार करा, शंभराने भागा. आमची मागची भिंत ३० फूट लांब, १० फूट उंच आणि दीड फूट जाड होती. ३० × १० × १.५ म्हणजे ४५० घनफूट, म्हणजे साडेचार ब्रास.

पण ही झाली उभी भिंत. पाडली की ती फुगते. माती सैल होते, विटा-दगडांत पोकळ्या राहतात. सव्वापट ते दीडपट धरा. आमची साडेचार ब्रासची भिंत ट्रॉलीत सहा ब्रासच्या पुढे गेली. हे माहीत नसल्यामुळे लोक उभ्या भिंतीचा हिशेब धरून बसतात आणि खेपा वाढल्या की गाडीवाल्यावर संशय घेतात. तिथे तो खरा असतो. फसवणूक दुसरीकडे होते, ती पुढे सांगते.

मोजतानाच माल वेगळा करा. सागवानी तुळया, दारं-खिडक्या, चांगली कौलं, जोत्याचे घडीव दगड आणि लोखंड यांचा खरमातीशी संबंध लावू नका. ते आधी बाजूला काढून स्वतंत्र विका किंवा ठेवा. "सामान माझं, त्यात खरमाती फुकट उचलतो" असा सौदा बरेच जण पुढे करतात. ऐकायला गोड वाटतो. सागवान पहिल्या दिवशी जातं आणि मातीचा ढीग तुमच्या दारात राहतो. आमच्या गल्लीत दोन घरांत हेच झालं. असा सौदा करायचाच असेल तर लाकूड शेवटच्या खेपेनंतर उचलायचं, असं आधी ठरवा.

२. हंगाम बघून काम काढा

आपल्या जिल्ह्यात ट्रॅक्टर-ट्रॉली मिळणं हे उसावर अवलंबून आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कारखान्यांचे बॉयलर पेटले की साधारण मार्चपर्यंत बहुतेक चांगले ट्रॅक्टर ऊस वाहतुकीच्या कराराला बांधलेले असतात. त्या काळात शहरात जे रिकामे सापडतात त्यांत मोडक्या ट्रॉल्या आणि नवखे चालक जास्त. भाडंही चढं असतं. आणि मध्येच कारखान्याकडून बोलावणं आलं की तुमचं काम अर्ध्यावर सोडून गाडी निघून जाते.

हंगाम संपला की तेच मालक स्वतःहून काम विचारत येतात. मार्च अखेर ते मेचा मध्य हा खरमाती उचलायला सगळ्यात चांगला काळ. त्यानंतर वळीव सुरू होतो, आणि जूनपासून कोल्हापूरचा पाऊस काय असतो ते सांगायला नको. जुन्या भिंतींची पांढरी माती भिजली की वजनाला दुप्पट वाटते, ट्रॉलीला चिकटते, आणि भरावाच्या शेतात गाडी चाकापर्यंत रुतते. पावसाळ्यात घर पाडायची वेळ आलीच, तर पाडल्याच्या दुसऱ्याच दिवशी उचल सुरू होईल अशी गाडी आधी पक्की करा.

अमावस्येला बांधकामाची माणसं कामावर येत नाहीत, तो दिवस कॅलेंडरवर आधीच खोडून टाका. अंबाबाईच्या देवळाच्या परिसरात घर असेल तर नवरात्रही. मोठ्या गाड्यांना शहरात कोणत्या वेळी प्रवेश नाही हे शहर वाहतूक शाखेत विचारून घ्या. तिथल्या वेळा बदलतात, त्यामुळे शेजाऱ्याच्या मागच्या वर्षीच्या अनुभवावर जाऊ नका.

३. बोळ मोजा, मग गाडी ठरवा

पेठांतली घरं रस्त्यावर असतातच असं नाही. आमचं घर बोळात, आणि बोळाच्या तोंडाशी विजेचा खांब. टेप घेऊन सगळ्यात अरुंद जागा मोजा. लोंबकळणाऱ्या केबलची उंची बघा. गटारावरची फरशी किती जाड आहे तेही बघा, कारण भरलेली गाडी तिच्यावरून गेली की ती फुटते आणि भांडण तुमच्या दारात येतं.

अगदी चिंचोळ्या बोळाला छोटा हत्ती किंवा पिकअप. त्याच्या खेपा फार होतात, पण दुसरा इलाज नसतो. आठ-नऊ फुटांच्या पुढे वाट असेल आणि वळायला जागा असेल तर ट्रॅक्टर-ट्रॉली. उपनगरात, पाचगाव-कळंबा किंवा आर. के. नगरच्या बाजूला मोकळ्या प्लॉटवर काम असेल तर सरळ टिपर किंवा डंपर लावा, खेपा कमी होतात आणि जेसीबीने भरताही येतो. बोळात जेसीबी शिरत नाही. तिथे बिगारी घमेल्याने भरतात, म्हणजे भरण्याची मजुरी हा वेगळा खर्च आहे. तो गाडीच्या भाड्यात आहे की नाही हे पहिल्याच बोलण्यात विचारा.

४. माणूस शोधायचा कुठे

आम्ही पहिला गाडीवाला ओळखीतून घेतला. ओळख म्हणजे आमच्या दुधवाल्याच्या मेव्हण्याची. त्याचं काम कोणी पाहिलेलंच नव्हतं. ओळख असली तरी काम बघितल्याशिवाय घेऊ नका, एवढं मी आता ठामपणे सांगते.

खात्रीचा मार्ग असा: शहरात आत्ता जिथे घरं पाडली जात आहेत किंवा पाये खोदले जात आहेत तिथे सकाळी नऊच्या सुमारास जाऊन उभे राहा. गाड्या बघा. ताडपत्री आहे का, फाळका (ट्रॉलीची मागची झडप) नीट बंद होतो का, चालक मागे बघून गाडी घेतो की नुसता हॉर्न वाजवत घेतो. घरमालक भेटला तर त्याला दोनच गोष्टी विचारा: "माती कुठं टाकली, तुम्ही बघितली का?" आणि "शेवटच्या हिशेबाला काही वाढवून मागितलं का?" आम्हाला दुसरा, चांगला गाडीवाला राजारामपुरीतल्या अशाच एका कामावर भेटला. त्याच्या ट्रॉलीच्या मागे फावडं आणि खराटा बांधलेला होता. सांडलेलं झाडून घेऊन मगच तो निघायचा. ते बघूनच मी त्याला थांबवलं.

तुमचा गवंडी, आणि ज्याच्याकडून सिमेंट-खडी घेणार तो बिल्डिंग मटेरियलवाला, हेही चांगले दुवे. त्यांना पुढचे सहा महिने तुमच्याकडे काम आहे, म्हणून सहसा ते वाईट माणूस गळ्यात मारत नाहीत. तरी तीन जणांकडून भाव घ्या. तिघांनाही जागा दाखवूनच घ्या, फोनवर नको. जागा न बघता भाव सांगणारा माणूस काम सुरू झाल्यावर "बोळ एवढा बारीक हाय हे सांगितलं न्हाई तुम्ही" म्हणून वाढवतो.

दर मी इथे लिहीत नाही. अंतर, डिझेल आणि हंगाम यांवर तो महिन्या-महिन्याला हलतो, आणि जुना आकडा वाचून गेलात तर तुमचंच बोलणं बिघडेल.

५. कागद बघा

मागायला संकोच वाटतो, मलाही वाटला. पण कागद मागितल्यावर चिडणारा माणूस पुढे हिशेब मागितल्यावरही चिडतो. यातलं बरंचसं मोबाइलवर एम-परिवहन ॲपमध्ये गाडीचा नंबर टाकूनही दिसतं. एमएच-०९ ची पाटी आहे म्हणून गाडी आपल्याच ओळखीतली असं समजू नका.

गाडीवाल्याकडून:
- ट्रॅक्टर आणि ट्रॉली दोन्हींची आरसी, म्हणजे नोंदणीचा कागद (ट्रॉलीची वेगळी असते, ती विचारायची राहून जाते)
- चालू विमा
- फिटनेस आणि पीयूसी
- चालकाचं लायसन
- मालकाच्या ओळखपत्राची झेरॉक्स, आणि ज्या खात्यावर पैसे पाठवायचे ते खातं त्याच नावाचं आहे याची खात्री

तुमच्याकडे हवं:
- बांधकाम परवानगी आणि पाडण्याच्या परवानगीची प्रत
- मिळकत पत्रिकेची (प्रॉपर्टी कार्डची) प्रत
- माती जिथे टाकणार त्या जागामालकाची लेखी संमती
- टेप, वही, दोन पेनं आणि फोटो काढायला मोबाइल

ट्रॅक्टरचं एक नीट समजून घ्या. बरेचसे ट्रॅक्टर शेतीकामासाठी नोंदलेले असतात आणि त्यांचा विमाही तेवढ्यापुरताच असतो. शहरात भाड्याने खरमाती वाहताना अशा गाडीखाली कोणी सापडलं तर विमा कंपनी हात वर करू शकते. मग तो माणूस कोणाच्या दारात येणार? आरसीवर वापर काय लिहिलाय तो बघा. व्यावसायिक नोंदणीचा ट्रॅक्टर किंवा टिपर थोडा महाग पडला तरी घ्या. गल्लीत पोरं खेळत असतात, इथे पैसे वाचवण्यात अर्थ नाही.

६. ट्रॉलीला टेप लावा

आमच्या पहिल्या गाडीवाल्याने ४० खेपांचे पैसे लावले, प्रत्येक खेप एक ब्रास धरून. पैसे दिल्यावर कितीतरी दिवसांनी मला ती ट्रॉली एका दुसऱ्या कामावर दिसली आणि मी ती मोजली. आतून ९ फूट लांब, साडेपाच फूट रुंद, दीड फूट उंच. गुणाकार ७४ घनफुटांच्या आसपास येतो. म्हणजे पाऊण ब्रासची ट्रॉली. ४० ब्रासचे पैसे देऊन आम्ही जेमतेम ३० ब्रास माती हलवली होती.

दुसऱ्या वेळी पहिली खेप भरायच्या आधीच टेप घेऊन उभी राहिले. चालक म्हणाला, "वैनी, ट्रॉली म्हंजे ट्रॉली असती, त्यात मोजायचं काय?" मी म्हटलं, "दादा, जरा त्या टोकाला टेप धरा." धरला त्याने. साडेनऊ फूट लांबी, सहा फूट रुंदी, पावणेदोन फूट उंची: ९.५ × ६ × १.७५, जवळजवळ शंभर. पुरी एक ब्रास. तो आकडा त्याच्यासमोर वहीत लिहिला, खाली त्याची सही घेतली. त्यानंतर महिनाभर मापावरून एक शब्द झाला नाही.

मोजताना या गोष्टी बघा. माप आतून घ्यायचं, बाहेरून नाही. तळाशी जुनी वाळलेली माती थरासारखी चिकटलेली असते, चार बोटांचा थर असला तरी तेवढी ट्रॉली कमी भरते. फावड्याने खरवडून घ्यायला सांगा. आणि भरताना मध्ये ढीग, कोपरे रिकामे अशी भरली तर लांबून गच्च भरलेली दिसते. जवळ जाऊन कोपऱ्यांत डोकवा. फाळक्याच्या वर मात्र भरू देऊ नका. ते आपल्या फायद्याचं वाटतं, पण एक ब्रास खरमाती साधारण चार टन असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये जादा भाराला २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार असा दंड आहे. गाडी अडकली की तुमचं काम थांबतं, आणि वाटेत सांडलेल्या विटेवरून एखादा मोटारसायकलवाला घसरला तर त्याचं पाप कोणाला?

७. माती कुठे जाणार, ते स्वतः बघा

सगळ्यात जास्त वेळ मी इथे घालवला असता तर तो फोटो बघायची वेळ आली नसती.

खरमाती ट्रॉलीत चढली म्हणून ती गाडीवाल्याची होत नाही. बांधकाम आणि पाडकामाच्या कचऱ्याचे वेगळे नियम केंद्र सरकारने केलेले आहेत. ज्याच्या जागेत तो कचरा तयार झाला त्याने तो रस्त्यावर, गटारात पडू द्यायचा नाही, ही जबाबदारी त्यांत त्याच्यावरच टाकलेली आहे. म्हणजे आपल्यावर. म्हणून काम सुरू करायच्या आधी आपल्या विभागीय कार्यालयात जा. पेठेतल्या आमच्यासाठी ते गांधी मैदानातलं. खरमाती टाकायला महापालिकेची सध्या कोणती जागा चालू आहे, शुल्क किती, पावती कशी मिळते हे विचारून या. पावती मिळाली तर प्रत्येक खेपेची जपून ठेवा.

दुसरा मार्ग म्हणजे ज्याला भराव हवा आहे असा माणूस. शहराच्या कडेला नव्या प्लॉटमध्ये जोत्यात भरायला माती लागतेच. आमची जुन्या भिंतींची पांढरी माती एका शेतकऱ्याने मागून नेली, विटांचा चुरा एका प्लॉटवाल्याने. खेपेचं अंतर कमी झालं आणि भाडंही. पण त्या माणसाकडून चार ओळी लिहून घ्या: गट नंबर किंवा प्लॉट नंबर, किती ब्रास, आणि "ही माती मी माझ्या जागेत माझ्या संमतीने घेतली" असं. सातबाऱ्याची झेरॉक्स सोबत लावली तर उत्तम. भराव फुकट मागणारा दिसला की आनंदाने हो म्हणू नका, आधी जागा कुठे आहे ते बघा. नदीकडेची, पूररेषेच्या आतली जमीन असेल तर देऊच नका.

हे मी नुसतं कायद्यासाठी म्हणत नाही. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर आपण बघितलेत. पंचगंगा राजाराम बंधाऱ्याजवळ ४३ फुटांची धोका पातळी ओलांडते तेव्हा जयंती नाल्यातून पाणी उलटं शहरात शिरतं. त्या नाल्यांच्या काठावर आपण एक-एक ट्रॉली टाकत गेलो तर पाण्याला जागा कुठे उरते? आमचीही माती तिथेच पडली होती, याची मला आजही खंत आहे.

गाडीवाला सांगतो त्या जागी माती जाते का हे कळायचे दोन साधे उपाय आहेत.

पहिल्या दिवशी पहिल्या खेपेमागे आपली दुचाकी घेऊन जा. चोरून नको, सांगून जा: "दादा, मी मागं येतो, जागा बघून घेतो." रिकामी होताना फोटो काढा. पुढे न सांगता एखाद्या दिवशी पुन्हा जा.

दुसरा उपाय घड्याळाचा. जागा आठ किलोमीटरवर असेल तर शहरातल्या गर्दीतून जाऊन, रिकामी करून परत यायला तासभर तरी लागतो. पहिल्या वेळी आमची ट्रॉली वीस-वीस मिनिटांत परत यायची आणि मी कौतुकाने चहा द्यायचे, किती चपळ माणूस म्हणून. वीस मिनिटांत परत येणारी गाडी जवळच कुठेतरी रिकामी होत असते. हे मला तेव्हा सुचायला हवं होतं.

८. बोलणं कागदावर आणा

भाव तीन तऱ्हांनी ठरतो: खेपेवर, ब्रासवर किंवा उक्ता, म्हणजे सगळ्या कामाचा मिळून एकच ठोक. काम अगदी लहान असेल, संडास-बाथरूमच्या फरश्या वगैरे, तर उक्तं ठरवून मोकळे व्हा. घराएवढं काम असेल तर मापलेल्या ट्रॉलीची खेप हाच हिशेब सोपा पडतो, कारण खेपा कोणालाही मोजता येतात. उक्त्यात गाडीवाल्याला जवळ टाकायचा मोह होतो, आणि शेवटचा, न परवडणारा ढीग तो सोडून जातो.

स्टॅम्प पेपर नको. व्हॉट्सॲपवर एक मेसेज करा आणि त्याच्याकडून "मान्य" असं उत्तर घ्या. आमचा मेसेज साधारण असा होता:

"गाडी नंबर अमुक. ट्रॉली एक ब्रास, समक्ष मोजलेली. खेपेला इतके रुपये. यात डिझेल, चालक आणि ताडपत्री आली. भरायची माणसं आमची. माती फक्त अमुक गावच्या अमुक जागेत पडेल. दुसरीकडे टाकल्यास दंड आणि उचलण्याचा खर्च गाडीमालकाचा. वाटेत सांडलेलं उचलायचं. गल्लीतली फरशी, पाइप फुटल्यास दुरुस्ती गाडीमालकाची. हिशेब दर शनिवारी."

भरणारी माणसं कोणाची हे त्यात मुद्दाम घाला. बिगाऱ्याच्या पायावर दगड पडला तर दवाखान्यात कोणी न्यायचं, यावरून माणसं एकमेकांकडे बोट दाखवत बसतात. जेसीबी असेल तर तो तासावर असतो. सुरू आणि बंद झाल्याची वेळ वहीत लिहा. गाडी आली नाही म्हणून जेसीबी नुसता उभा राहिला तर ते भाडं कोणी द्यायचं, हेही ठरवा.

आगाऊ पैसे द्यायचे तर पहिल्या दिवसाच्या डिझेलपुरते. "पोराची फी भरायची हाय, पन्नास टक्के द्या" असं म्हटलं की आपलं मन वितळतं. त्याची अडचण खरीही असेल. तरी झालेल्या खेपांपुरतेच पैसे द्या, हवं तर रोजच्या रोज द्या.

९. खेपांची वही

दोनशे पानी वही आणा. रकाने: तारीख, निघाल्याची वेळ, परत आल्याची वेळ, गाडी नंबर, माल काय, चालकाची सही. प्रत्येक भरलेल्या ट्रॉलीचा नंबर दिसेल असा एक फोटो. संध्याकाळी त्याची बेरीज आणि आपली बेरीज तिथल्या तिथे जुळवायची. आठवड्याने जुळवू म्हटलं की कधीच जुळत नाही.

घरात दिवसभर कोणी नसेल तर समोरच्या दुकानदाराला किंवा शेजारच्या आजींना वही द्या. आमची बरीचशी वही समोरच्या काकूंनी कट्ट्यावर बसून लिहिली. वेळ लिहायला त्या एकदाही चुकल्या नाहीत.

शाळा भरायच्या आणि सुटायच्या वेळी गल्लीत गाडी मागे घ्यायची नाही, हे चालकाला पहिल्या दिवशीच सांगा. गाडी मागे घेताना एक माणूस मागे उभा पाहिजे, दरवेळी.

१०. मुरूम, खडी, क्रश सँड आणताना

खरमाती गेली की उलटी वाहतूक सुरू होते. इथे आणखी एक कागद येतो. मुरूम, डबर, खडी, वाळू हे गौण खनिज आहे. गाडीसोबत सरकारच्या महाखनिज या ऑनलाइन प्रणालीवरचा वाहतूक पास हवा, आणि त्यावरचा गाडी नंबर, माल, तारीख आणि वेळ दारात उभ्या असलेल्या गाडीशी जुळायला हवी. सकाळच्या पासवर संध्याकाळपर्यंत खेपा मारणारे असतात. पासाचा फोटो वहीतल्या नोंदीसोबत ठेवा. "पास न्हाई, पण स्वस्त लावतो" असं कोणी म्हटलं तर त्याला तिथूनच परत पाठवा. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ प्रमाणे विनापरवाना गौण खनिजाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो आणि गाडीही अटकावून ठेवता येते.

पायाच्या खोदाईची माती त्याच प्लॉटवर जोत्यात भरणं ही एक गोष्ट, आणि ती बाहेर विकणं ही दुसरी. बाहेर न्यायची असेल तर आधी तलाठ्याकडे किंवा करवीर तहसीलमध्ये विचारून घ्या.

मापाचा नियम इथे आणखी कडक लावा, कारण इथे तुम्ही मालाचे पैसे देताय. ओल्या क्रश सँडची (दगड भरडून केलेल्या वाळूची) खेप वजनावर घेऊ नका, पाण्याचे पैसे जातात. ट्रॉली मोजून ब्रासवर घ्या.

११. शेवटचा हिशेब

शेवटच्या आठवड्याचे पैसे रोखून धरायचे, असं आधीच सांगून ठेवा म्हणजे वाद होत नाही. शेवटची ट्रॉली निघाली की लगेच पैसे काढू नका. आधी बोळाच्या तोंडापासून घरापर्यंत चालत या. दारासमोरची आणि शेजाऱ्यांच्या दारासमोरची फरशी बघा, नळाच्या पाइपला ओल आहे का बघा, खांबाला घासल्याची खूण बघा. मग गटाराच्या प्रत्येक चेंबरचं झाकण उघडून बादलीभर पाणी ओता. पाणी वाहून गेलं तर ठीक. तुंबलं, तर आत माती उतरली आहे. गाडीवाला आणि त्याची माणसं गल्लीत असतानाच ती काढून घ्या, मग पैसे द्या, आणि "पूर्ण हिशेब मिळाला" असं वहीत लिहून सही घ्या.

आमच्या गल्लीत तिसऱ्या चेंबरला पाणी तुंबलं होतं. चालकाने ट्रॉलीमागचं फावडं सोडलं आणि अर्ध्या तासात चार घमेली गाळ बाहेर काढला.